टीवायनंतर अर्थशास्त्रात मास्टर्स : इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, की आधी इथेच?

मेधा_परळ
नमस्कार मंडळी. आमची सानिका टीवायबीएला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र, कॉलेज दादर-माटुंगा पट्ट्यातलं. सीजीपीए ८.९ आहे. बारावी कॉमर्सला गणित होतं, पदवीला एक पेपर गणित-संख्याशास्त्राचा झाला, तेवढंच. तिला पुढे अर्थशास्त्रच करायचंय. एमबीए नको, स्पर्धा परीक्षा नको, यावर ती ठाम आहे आणि आम्ही दोघंही तिच्या बाजूने आहोत.

मागच्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने दादरच्या फूलबाजारात पहाटे जाऊन हार-गजरे विकणाऱ्या बायकांशी बोलून माहिती गोळा केली होती. सकाळी उचल घ्यायची, संध्याकाळी व्याजासकट परत करायची, हे चक्र कसं चालतं यावर. तेव्हापासून तिला हेच शिकायचंय.

अंधेरीच्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. त्यांनी अर्ध्या तासात इंग्लंडच्या सहा विद्यापीठांची यादी हातात दिली. सानिकाला नेमकं काय शिकायचंय, हे मात्र एकदाही विचारलं नाही. यादीतल्या फीचे आकडे बघून आम्ही दोघं गप्प झालो. मी शाळेत शिक्षिका, नवरा खासगी कंपनीत. घर स्वतःचं आहे, बाकी फार नाही.

तर प्रश्न असे. देश कसा ठरवायचा? एका वर्षाची एमएससी पुरते का? कॉलेज स्वायत्त असल्याने चौथं ऑनर्सचं वर्ष करता येईल, ते करावं का? आणि अमेरिकेत म्हणे पीएचडीला पैसे लागत नाहीत, हे खरं आहे का?

बॉनवासी
मेधाताई, मी मुलुंडचा, सध्या जर्मनीत बॉनला एमएससी इकॉनॉमिक्स करतोय. इथलं सविस्तर सांगतो, कारण कन्सल्टंटच्या यादीत जर्मनी सहसा नसते. बहुतेक कन्सल्टंटना पैसे मिळतात ते विद्यापीठांकडून येणाऱ्या कमिशनमधून, आणि जर्मनीची सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत.

इथे शिकण्याची फी नाही. दर सेमिस्टरला सुमारे तीनशे युरो भरायचे, त्यात प्रवासाचं तिकीटही येतं. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. मानहाइम त्या राज्यात येतं आणि अर्थशास्त्रासाठी ते फार चांगलं विद्यापीठ आहे. तरीही इंग्लंडशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळच.

पैसे लागतात ते राहण्याखाण्याला. व्हिसासाठी आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. ते तुमचेच असतात, पण महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. आजच्या दराने हे बारा लाखांच्या आसपास जातं आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते. मी एका प्राध्यापकांकडे डेटा साफ करण्याचं काम करतो, त्यात महिन्याचा बराचसा खर्च निघतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आता अवघड भाग. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि सगळ्या गुणपत्रिका तपासल्या जातात. व्हिसाच्या आधी ते हातात हवंच, म्हणून शेवटचा निकाल लागायची वाट न बघता कागद जमवायला लागा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे क्रेडिट मोजतात. सीजीपीए कितीही असो, गणित, संख्याशास्त्र, मायक्रो (ग्राहक-कंपन्यांचं अर्थशास्त्र), मॅक्रो (देशाच्या पातळीवरचं), इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं) या प्रत्येकात किती तास शिकलात ते पाहतात. माझ्यासोबत अर्ज केलेल्या दोन मित्रांना गुण माझ्यापेक्षा जास्त होते, तरी गणिताचे क्रेडिट कमी म्हणून नकार आला. तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालत नाही, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचं पान नीट वाचा. सानिकाला चौथं वर्ष मिळत असेल आणि त्यात गणिताचे पेपर घेता येत असतील, तर माझं मत चौथ्या वर्षाच्या बाजूने.

गिरगावकर
मी मुंबईतल्या एका कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. बॉनवासी यांनी गणिताचा मुद्दा काढला, त्यावर बोलायलाच हवं. देश, फी, व्हिसा हे सगळं त्यानंतर येतं.

आपल्याकडे टीवायला प्रश्न येतो, ‘समवृत्ती वक्रांची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ (ग्राहकाला सारखंच समाधान देणारे दोन वस्तूंचे गट जोडणारी रेषा म्हणजे समवृत्ती वक्र.) विद्यार्थी आकृती काढतो, वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र असतात, एकमेकांना छेदत नाहीत असं लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. हेच प्रकरण परदेशातल्या चांगल्या मास्टर्समध्ये पहिल्या पंधरवड्यात वेगळ्या रूपात येतं. ग्राहकाच्या बजेटमध्ये बसणाऱ्या वस्तूंचा संच बंद आणि मर्यादित असतो हे सिद्ध करा. त्यावरून सर्वांत जास्त समाधान देणारी निवड अस्तित्वात असतेच हे दाखवा. मग सांगा, एका वस्तूची किंमत शून्य झाली तर काय बिघडेल? संच अमर्याद होतो, आणि ‘सर्वांत जास्त’ असं काही उरेलच याची खात्री राहत नाही. उत्तर तीन ओळींचं आहे. पण ‘बंद’ आणि ‘मर्यादित’ या शब्दांचे गणिती अर्थ ज्याने कधी पाहिलेच नाहीत, त्याला त्या तीन ओळी सुचणार नाहीत. हुशार मुलं तिथे रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना हे कोणी शिकवलंच नव्हतं.

अविनाश दीक्षितांचं उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. जन्म मुंबईचा, १९६३ साली इथल्या सेंट झेवियर्समधून गणित आणि भौतिकशास्त्रात बीएससी, मग केंब्रिजला पुन्हा गणित, आणि त्यानंतर १९६८ मध्ये एमआयटीतून अर्थशास्त्राची पीएचडी. अर्थशास्त्र ते नंतर शिकले, गणित आधीपासून होतं. उलट्या क्रमाने जाणाऱ्याला मधली दरी स्वतः भरावी लागते.

सानिकाने एवढं करावं : अनेक चलांचं कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता, आणि जमलं तर रिअल अॅनालिसिस. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत आणि नाममात्र फी भरून परीक्षा दिली तर प्रमाणपत्रही मिळतं. कॉलेजच्या गणित विभागात जाऊन त्यांच्या तासांना बसू द्याल का, असं विचारावं. बहुतेक प्राध्यापक आनंदाने हो म्हणतात, दुसऱ्या विभागातलं पोर आपणहून आलं याचं त्यांना अप्रूप असतं.

आणि गोरेगावचं आयजीआयडीआर, म्हणजे इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, विसरू नका. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली संस्था आहे, छोटी बॅच, राहायची सोय, एमएससीचा अभ्यास भक्कम. परळपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर देशातल्या उत्तम जागांपैकी एक असताना तिचं नाव यादीतच नाही, हे बरं नाही.

मेधा_परळ
सर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सानिकाला वाचून दाखवला. बजेटचा तो प्रश्न घेऊन ती वही उघडून बसली आहे.
अमेरिकेबद्दल कोणी सांगेल का?

सायली_त
मी सांगते. ठाण्याची आहे, रुपारेलमधून बीए, मग दिल्लीला एमए, आता अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये पीएचडीच्या चौथ्या वर्षाला.

काकू, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. बऱ्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएचडीला फी माफ असते आणि वर शिष्यवेतन मिळतं. त्या बदल्यात बहुतेक ठिकाणी शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायची. पाच-सहा वर्षं लागतात. पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनोमेट्रिक्स, वर्ष संपताना त्यांची प्रिलिम परीक्षा. ती दोनदा नापास झालात तर बऱ्याच ठिकाणी बाहेर पडावं लागतं. त्यानंतर स्वतःचं संशोधन.

मास्टर्स आणि पीएचडी यांचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. अमेरिकेतलं अर्थशास्त्राचं मास्टर्स बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने करावं लागतं आणि ते महाग असतं. अनेक विद्यापीठांनी ते स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) वर्गात नोंदवलंय, त्यामुळे पदवीनंतर १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येतं. पण त्यापुढे थांबायचं तर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो आणि ती वाट आता फार बिकट झालीय. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. आधीपासून अमेरिकेत शिकत असलेल्यांच्या अर्जांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला, तरी कंपन्या कचरतात. ‘कर्ज काढू, तिथे नोकरी करून फेडू’ या भरवशावर अमेरिकेचं मास्टर्स करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

पीएचडीला थेट टीवायनंतर प्रवेश मिळणं सानिकासारख्या पार्श्वभूमीला जवळपास अशक्य आहे. माझ्या बॅचमधल्या भारतीयांपैकी जवळजवळ सगळे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) किंवा आयजीआयडीआरमधून मास्टर्स करून आलेत. या तिन्हींची नावं इथले प्राध्यापक ओळखतात. आयएसआयच्या एमएस क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सची प्रवेश परीक्षा बघा, तिचे जुने पेपर सहज मिळतात. ते सोडवता आले तर परदेशात काहीही शिकता येईल. नाही आले तर कुठे कमी पडतो ते घरबसल्या कळेल.

आणखी एक वाट आहे, प्रीडॉक. म्हणजे एखाद्या संशोधकाकडे साधारण दोन वर्षं पगारी सहायक म्हणून काम करायचं. भारतात जे-पाल साउथ एशियासारख्या संस्था क्षेत्रपाहणीच्या कामासाठी माणसं घेतात. फूलबाजारात पहाटे जाऊन बायकांना बोलतं करणारी मुलगी त्यांना नक्की आवडेल. सोबत स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर यायला हवीत. आर फुकट आहे, आजच उतरवून घ्या.

शिफारसपत्रांचं आत्तापासून बघा. तीन लागतात. मुंबईच्या कॉलेजांत वर्गात शंभरावर मुलं, प्राध्यापक सगळ्यांना नावाने ओळखत नाहीत, मग पत्रात ‘मेहनती आणि शिस्तप्रिय’ एवढंच येतं. त्याचा काही उपयोग होत नाही. जे तिचं एखादं काम तपशिलात सांगू शकतील, ‘हिने हा डेटा असा गोळा केला, ही चूक स्वतः शोधली’ असं लिहू शकतील, अशाच शिक्षकांकडे जा. पत्र विद्यापीठाच्या लिंकवर चढवायचं असतं आणि शिक्षकांचा कॉलेजचा ईमेल असेल तर बरं.

चेंबूर_कॅम्प
विषय निघालाच आहे तर विचारतो, मी बीकॉम आहे, माझं काय?

सायली_त
@चेंबूर_कॅम्प, केंब्रिजला दुसऱ्या शाखांतून येणाऱ्यांसाठी अर्थशास्त्राचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, एलएसईला (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) दोन वर्षांची एमएससी आहे. दोन्हीकडे गणिताची तयारी बघतातच. बीकॉमच्या अकाउंटिंगच्या गुणांना तिथे वजन नाही.

निवृत्त_बँकर
मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जंच पाहिली. मेधाताईंना आकड्यांत सांगतो.

समजा इंग्लंडच्या एका वर्षासाठी सगळं मिळून ४५ लाख कर्ज काढलं, व्याजदर ११ टक्के. वर्षाचं व्याजच पाच लाखांच्या घरात गेलं. अभ्यासक्रम आणि त्यानंतर काही काळ, समजा सहा महिने, हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. दीड वर्षाचं सुमारे साडेसात लाख व्याज मुद्दलात मिसळलं की कर्ज ५२ लाखांच्या वर जातं. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येतो महिना ७२ हजार. तेच व्याज शिकतानाच महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर हप्ता ६२ हजारांवर राहतो. मुलगी मुंबईला परत येऊन एखाद्या संशोधन संस्थेत लागली तर तिच्या पहिल्या पगारात यातला कोणताच हप्ता बसणार नाही. अर्थशास्त्रातल्या सुरुवातीच्या संशोधन नोकऱ्यांचे पगार मी पाहिले आहेत.

साडेसात लाखांपुढच्या कर्जाला सरकारी बँक साधारणपणे तारण मागते. तुमचं घर स्वतःचं आहे, म्हणजे बँक घराकडेच बघणार. निवडक नामवंत विद्यापीठांसाठी बऱ्याच बँका विनातारणही देतात, ती यादी शाखेत मागून घ्या. खासगी वित्तसंस्था विनातारण सहज देतात, पण व्याज जास्त. सोसायटी जुनी असेल आणि डीड ऑफ कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा दस्त, झालेलं नसेल तर कागदपत्रांत महिने जातात. परळ-लालबागच्या पुनर्विकासातल्या घरांच्या बाबतीत हे मी पुष्कळदा पाहिलं. तारण द्यायचं ठरलं तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच भेटा.

कराचं थोडक्यात. जुन्या करप्रणालीत व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षं मिळते, मुद्दलाची नाही. आणि एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून परदेशी पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, नाही. स्वतःचे पैसे पाठवलेत तर वर्षाला दहा लाखांपर्यंत नाही.

शलाका_म
बँकरकाकांचे आकडे बरोबर आहेत, तरी इंग्लंडची बाजू मांडते. मी तिथून डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स केलं, आता मुंबईत शहरी गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेत आहे.

सानिकाला फूलबाजार आवडतो. मग तिला सिद्धान्तात जायचंय की लोकांच्या प्रश्नांवर काम करायचंय, हे आधी तिला विचारा. दोन्ही अर्थशास्त्रच आहे, पण अभ्यासक्रम निराळे. एलएसई, वॉरिक, यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) यांची मूळ एमएससी गणिती आहे, पुढे पीएचडी करणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून रचलेली. लंडनचं सोआस विद्यापीठ किंवा ससेक्सची आयडीएस ही विकास-अभ्यास संस्था, इथे धोरण, इतिहास, क्षेत्रकार्य यांना जागा आहे. मला तिथे आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांबरोबर बसून जे शिकायला मिळालं, त्यामुळे धारावीकडे बघायची माझी नजर बदलली. त्याची किंमत हप्त्यात मोजता येत नाही असं मी आजही मानते.

पण ते मी कर्ज काढून केलं नाही. फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना सोआस, ऑक्सफर्ड आणि रेडिंगसाठी मिळते. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून परत यावं लागतं. आपल्या मुंबईतच जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी देतं. इनलॅक्सही आहे. यांच्या मुलाखतीत ‘हाच विषय का’ याचं खरं उत्तर लागतं, आणि ते सानिकाकडे आहे.

एक धोक्याची सूचना : इंग्लंडचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायचा व्हिसा, आत्ता दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. वर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड.

बॉनवासी
शलाकाताई, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सिद्धान्त की लोकांचे प्रश्न, अशी निवड एकविसाव्या वर्षी करायला लावू नये. अभिजित बॅनर्जींचा जन्म मुंबईचाच. कोलकात्याला प्रेसिडेन्सी, दिल्लीला जेएनयू आणि मग हार्वर्डची पीएचडी. तिथे त्यांचं सुरुवातीचं काम सिद्धान्ताचंच होतं, नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये गरिबीवरच्या प्रयोगांसाठी. गणित करून ठेवलं तर दोन्ही दारं उघडी राहतात. गणिताशिवायच्या मास्टर्सनंतर पीएचडीचं दार जवळजवळ बंद होतं.

शलाका_म
मान्य, दार बंद होतं हे खरं आहे. पण सगळ्यांना त्या दारातून जायचं नसतं. आमच्या संस्थेत पालिकेच्या बजेटचा आकडा न् आकडा वाचून वॉर्ड ऑफिसात भांडणारी माणसं आहेत, त्यांचं कामही अर्थशास्त्राचंच आहे. ठरवू दे तिला. फक्त माहीत असून ठरवू दे.

माटुंगा_रोड
एक मुद्दा राहिलाय. वाचणाऱ्यांमध्ये अनुसूचित जातींतले विद्यार्थी असतील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती नक्की बघा. सामाजिक न्याय विभागाची आहे. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं सगळं त्यात येतं. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी असतात आणि त्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. मला राज्याची मिळाली, माझ्या घरातून पासपोर्ट काढणारा मी पहिला.

बाबासाहेब एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन १९१२ मध्ये बीए झाले. पुढच्या वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१६ मध्ये एलएसईला दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. मग सिडनहॅममध्ये प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२१ मध्ये एमएससी, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डीएससी. मधली वर्षं वाया गेली असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणेल का? म्हणून ज्यांना आत्ता पैशांमुळे थांबावं लागतंय त्यांना कळकळीने सांगतो, नोकरी करून, अनुभव घेऊन, पैसे साठवून जायला मुळीच उशीर होत नाही. प्रवेश मिळाल्यावर तो पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला लिहून विचारा. बऱ्याच ठिकाणी एक वर्ष थांबता येतं.

मेधा_परळ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री आम्ही तिघं बसलो. चौथं वर्ष करायचं, गणिताचे पेपर घ्यायचे, आयएसआय आणि आयजीआयडीआरच्या परीक्षा द्यायच्या, त्याच वर्षी जर्मनीचे अर्ज भरायचे असं ठरतंय. घर तारण ठेवायचं नाही यावर ह्यांचं आणि माझं एकमत झालं. इंग्लंड शिष्यवृत्ती मिळाली तरच. सानिकाला स्वतःला काही विचारायचंय.

सानिका_टीवाय
नमस्कार. सर, तुमचा बजेटचा प्रश्न सुटला. किंमत शून्य असेल तर ती वस्तू कितीही घेता येते, म्हणून संचाला सीमाच राहत नाही. गणिताच्या मॅडमनी तासाला बसायला परवानगी दिली आहे.

सायलीताई, फूलबाजाराचं काम अर्जाबरोबर लेखनाचा नमुना म्हणून देता येईल का? साठेक बायकांशी बोलले होते. बहुतेकींची उचल हजाराच्या आसपास, त्यावर दिवसाला वीस रुपये. मी सरासरी काढली, वर्षाचा व्याजदर काढला आणि बँकांनी त्यांना कर्ज द्यावं असं शेवटी लिहिलं. मार्गदर्शकांना आवडलं होतं. पण आता वाचताना त्यात काहीतरी कमी वाटतंय, काय ते कळत नाही.

सायली_त
सानिका, देता येईल, आणि दुसरं काही शोधत बसू नकोस. कमी काय आहे ते बघ.

पहिलं, तुला भेटल्या त्या पहाटे बाजारात असलेल्या बायका. ज्यांना उचल मिळाली नाही त्या बायका त्या दिवशी आल्याच नसतील, आणि ज्या कर्जातून सुटल्या त्या कदाचित दुकानात गेल्या असतील. तुझ्या साठजणी कशा निवडल्या गेल्या हे स्पष्ट लिही. लपवू नकोस, वाचणारा तेच आधी शोधतो.

दुसरं, हिशेब पुढे ने. हजाराची उचल, दिवसाला दोन टक्के. समजा एखादीने रोज दहा रुपये बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तेवढी उचल कमी घेतली. व्याज कमी झालं, तेही उचल कमी करण्यातच घातलं. कागदावर मांडून बघ, साधारण ५६ दिवसांत उचल शून्यावर येते. त्यानंतर दिवसाचे वीस रुपये तिच्याच हातात. मग या बायका वर्षानुवर्षं उचल का घेतात? बँकांनी कर्ज द्यावं, हे तुझं उत्तर या प्रश्नाला पुरत नाही, कारण ह्या हिशेबात बँक लागतच नाही.

चेन्नईतल्या आणि फिलिपिन्समधल्या बाजारातल्या विक्रेत्यांवर असाच अभ्यास झालाय. संशोधकांनी त्यांची कर्जं फेडून टाकली, तर बहुतेक जण काही आठवड्यांतच पुन्हा कर्जात होते. तो मिळवून वाच.

मग सुट्टीत पुन्हा दादरला जा. ज्या ओळखीच्या झाल्यात त्यांच्याकडे बस आणि व्याज सोडून दुसरं विचार. गेल्या महिन्यात हातात शिल्लक राहिलेला पैसा कशात गेला, घरात तो कोणी मागितला, पाऊस पडला त्या दिवशी उरलेल्या फुलांचं काय केलं, सावकाराला एखादा दिवस नको म्हटलं तर तो उद्या देतो का. हे शेवटचं विसरू नकोस. उचल बंद केली की उद्या गरज पडली तर तो दारात उभं करणार नाही, अशी भीती असेल, तर रोजचे वीस रुपये ही त्या ओळखीची फी झाली. हे मला वाटतं म्हणून लिहू नकोस. त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून आण, मग मला पाठव, आपण दोघी मिळून मांडू.